बिरुदांच्या आधीचे वाक्य

तोफ कशी चालवावी याचा कागद लिहिताना गिरमाजी कारकुनाने राजाची बिरुदे गाळली आणि "आधी नळी ओल्या बोळ्याने पुसा, आत ठिणगी राहते" हे वाक्य सर्वांत वर घेतले. त्याचा भाऊ तोफेवरच दारू भडकून गेला होता. जुना कागद वाचणारा अजून बिरुदांवरच होता, तोवर भावाने तापलेल्या नळीत दारू ठासली होती.

त्र्यंबकपंत प्रधानांनी तो नवा कागद भर दरबारात फडकावला. "बिरुदांआधी एक शब्द उच्चारणं म्हणजे राजद्रोह! याचा कडेलोटच करा, महाराज."

राजाने गिरमाजीकडे पाहिले. "काही सांगायचंय?"

तेवढ्यात गिरमाजीला दिसले, की पंतांच्या उपरण्याचे टोक मागच्या धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर पडले आहे. तो हात जोडून म्हणू लागला, "श्रीमंत, प्रजापालक, शत्रुमर्दन, गडकोटाधिपती..." एकही बिरुद त्याने सोडले नाही. "...हैबतराव महाराजांच्या चरणी विनंती, की पंतांचं उपरणं पेटलंय."

पंतांनी किंचाळून उपरणे भिरकावले. "गाढवा, दिसत होतं तर आधी का नाही बोललास?"

"आधी बोललो असतो तर कडेलोट होता, पंत. तुम्हाला निदान उपरणं फेकता आलं."

राजा जळत्या कापडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कागद आहे तसाच तोफखान्यात लावा. माझं नाव नसलं तरी चालेल."

गिरमाजीने मुजरा केला आणि कागद घेऊन तो थेट तोफखान्याकडे निघाला.