वेल्हाळी नदीची तीन चित्रे

ही कथा मी ऐकली तशीच मला आठवते, असे छातीठोकपणे सांगवत नाही. मधले काही माझ्याच मनाचे असेल. तरी सांगतो.

एका राज्यात वेल्हाळी नावाची रानटी नदी होती. तिच्या तळाशी शापित सोने होते. पाणी वाहते आहे तोवर ते कोणाला दिसत नसे. जंभक मांत्रिकाने राजा शंखपालाकडे नदीची सगळी दरी मागितली. तेव्हा राजचित्रकार मंदारिका पुढे आली.

"महाराज, ती दरी आपण पाहिलीही नाही."

"मग दाखव. तीन चित्रे आण. मन भरले तर दरी राखीन, नाही तर ती जंभकाची."

जंभक हसला. "बाईसाहेब, रंग माझ्याकडून भेट."

भर दरबारात भेट नाकारता येईना. तिने रंग घेतले.

नदीकाठी उघड्यावर बसून तिने हरणांसह रान काढले. थोडे खाली उतरून बगळ्यांसह आकाश काढले. आणखी खाली, माशांसह पाणी. वाड्याची रीत अशी, की चित्रातले डोळे शेवटी, राजासमोरच रेखायचे. म्हणून डोळे तेवढे कोरे ठेवले.

कुंचला धुवायला तिने हात खाली नेला. बोटांना वाळू लागली.

नदी नव्हती. तिने मागे पाहिले. डोंगर बोडका होता, वर आभाळाच्या जागी पांढरी पोकळी.

"झकास काढलीत हो!" जंभक कोरड्या पात्रात उतरून सोने उकरू लागला. "माझ्या रंगांत जे उतरते, ते चित्रातच राहते."

तिच्या खांद्यावर एक खंड्या पक्षी येऊन बसला. "मी एका जागी बसेना म्हणून तू मला काढले नाहीस. सकाळपासून रुसलो होतो. आता रुसवा गेला."

"हे सगळे परत कसे येईल?"

"डोळे कुठे दिलेस त्यांना? आंधळ्यांना वाट कशी दिसावी?"

"डोळे दिले तर कापड कोरे होईल. राजाला काय दाखवू?"

"राजाला पाय नाहीत का?"

मंदारिकेने जंभकाचे रंग लाथाडले. स्वतःच्या डोळ्यातले काजळ बोटावर घेतले. "जंभका, वर ये! पाणी येते आहे!"

"सोने टाकून? खुळी आहेस."

तिने हरणांना डोळे दिले. रान उभे राहिले. बगळ्यांना दिले, आभाळ भरले. शेवटी माशांना दिले. पाणी आले ते गर्जतच. जंभकाने दोन्ही हातांतले सोने सोडले नाही. त्याच्यासकट ते वाहून गेले, सोन्याची वाळू झाली, शाप फिटला.

दरबारात तिने तीन कोरी कापडे पसरली.

"ही थट्टा आहे?" राजा म्हणाला.

"दरी जागच्या जागी आहे, महाराज. पालखी तिथवर जात नाही. चालावे लागेल."

राजा चालला. काठावर पोहोचला, आणि दिवस कलेपर्यंत पाहत राहिला. मग म्हणाला, "कोणाला देऊन टाकण्याइतकी ही माझी नाही."

मला हे खरे वाटत नव्हते. पुष्कळ वर्षांनी मी त्या नदीवर गेलो, ओणवा होऊन पाहिले. तिथल्या माशांच्या डोळ्यांभोवती काजळाची बारीक रेघ आहे.