एकटीपुरती चटई

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते तेव्हा, एका तळ्याकाठी एक गाव होतं. तळ्यात लव्हाळे उदंड आणि गावात त्या लव्हाळ्यांच्या चटया विणणारा एक कारागीर. त्याच्यासारखी चटई पंचक्रोशीत कुणी विणत नसे आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याची बायको मोठी श्रद्धाळू होती. पहाटे उठली की आधी प्रार्थना, मग चूल. जेवायला बसली की नवऱ्याचं, लेकाचं, लेकीचं, नातवंडांचं नाव घेऊन प्रभू येशूचे आभार मानायची, तोवर घासाला हात लावायची नाही. शेजारी कुणी आजारी पडलं की पेजेचं भांडं घेऊन आधी ही हजर. नवऱ्याशी ती उभ्या जन्मात भांडली नाही. नवऱ्याला वाटे, हा आपल्या स्वभावाचा गुण आहे. असो.

गावात प्रभूचं एक छोटं देऊळ होतं, खाली काळ्या दगडाची फरशी. तिथली रीत अशी की एका घरच्या माणसांनी एका चटईवर बसायचं. चटया देवळातच कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या असत. लग्न झालं तेव्हा त्याने चार माणसं बसतील अशी रुंद चटई विणून दिली होती. पुढे लेक तिच्यावर बसला, लेकही बसली. मग दोघं आपापल्या संसाराला परगावी गेली. उरली ती एकटीच. कारागीर रविवारी कधी गेलाच नव्हता.

देवावर त्याचा राग नव्हता हो! पण सोमवारी बाजार, म्हणून रविवारी सकाळी लव्हाळे भिजत घालायचे, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय.

ती विचारायची, "अहो, आज येता ना?"

तो म्हणायचा, "लव्हाळे भिजलेत. आत्ता विणले नाहीत तर वाळून कडाकडा मोडतील. पुढच्या रविवारी नक्की."

ती हसून पदर सारखा करायची आणि निघायची. दुसरं काही तिने त्याच्याकडे कधी मागितलं नाही.

एकदा शेजारीण कुरकुरत आली. "भाऊ, तुमची बायको एकटी चार माणसांची जागा अडवून बसते. आमची पाच नातवंडं दाटीवाटीने बसतात."

कारागिराला हे लागलं. लोकांनी आपल्या घराला नावं ठेवावीत? त्याने त्याच आठवड्यात एक चटई विणली. सुंदर, नाजूक काठांची आणि एकच माणूस बसेल एवढी.

"घे," तो म्हणाला. "एकटी जातेस ना, तर एकटीपुरती ने."

तिने चटईच्या काठावरून हात फिरवला. मग म्हणाली, "फार छान विणलीत. बसणाऱ्याला सुख होईल."

मोठी चटई तिने त्या शेजारणीलाच देऊन टाकली.

त्यानंतर सात वर्षं गेली. हिवाळ्यात देवळातून परतली की ती चुलीपाशी बसून गुडघे चोळायची. कारागीर थट्टा करायचा, "इतके गुडघे टेकलेस, देवाने काय दिलं? गुडघेदुखीच ना?" ती म्हणायची, "आणि तुम्हाला दिलं की मला," आणि तेलाची वाटी शेकायला ठेवायची.

एका रविवारी ती देवळातून आली, अंथरुणावर पडली आणि तीन दिवसांत गेली. जाताना सगळ्यांची नावं घेतली, नेहमीसारखीच. शेवटचं नाव नवऱ्याचं होतं.

लेक आला, सून आली, लेक-जावई आले, नातवंडं आली. त्या गावात आणखी एक रीत होती. माणूस गेलं की सातव्या दिवशी घरच्यांनी देवळात जाऊन त्याची चटई घरी आणायची. मग ती मधे पसरायची, सगळ्यांनी भोवती बसायचं आणि प्रत्येकाने गेलेल्या माणसाची एक आठवण सांगायची.

चटई आणायला कारागीर निघाला. लेकीची सहा वर्षांची मुलगी त्याचं बोट धरून सोबत आली. सुट्टीत आली की ती आजीबरोबर देवळात जायची, त्यामुळे आतलं सगळं तिलाच माहीत होतं. आजोबांना चटया कुठल्या कोपऱ्यात असतात तेही माहीत नव्हतं.

त्याने आपली चटई ओळखली आणि फरशीवर उलगडली. उलगडली आणि बघतच राहिला. सात वर्षांत तिचा रंग उतरला होता, पण वीण मात्र जशीच्या तशी होती. कारागिराचा डोळा तो, त्याला फसवणार कोण? बसून वापरलेली चटई मधोमध चेपते, काठाशी झिजते. ही चटई मधे कोरी करकरीत होती. फक्त एका काठाजवळ तळहाताएवढी जागा झिजून काळपट झाली होती.

"अगं," तो नातीला म्हणाला, "आजी हिच्यावर बसत नव्हती?"

"नाही," नात म्हणाली. "आजी इथे बसायची." आणि तिने चटईशेजारच्या दगडावर पाय आपटून दाखवला. "चटईवर हात ठेवून बसायची. मी चटईवर बसायला गेले तर मला मांडीवर घेतलं. म्हणाली, ती आजोबांची जागा आहे, ते आज येतील."

"आज?"

"दर वेळी आजच म्हणायची."

कारागिराने खाली वाकून त्या दगडाला हात लावला. दगड बर्फासारखा गार होता. त्याला चुलीपाशी चोळलेले गुडघे आठवले, स्वतःची थट्टा आठवली आणि तो तिथेच त्या दगडावर बसला. नात घाबरून त्याचे डोळे पुसू लागली.

संध्याकाळी घरी चटई पसरली. सगळे भोवती बसले. लेक म्हणाला, "मला ताप आला की आई रात्रभर उशाशी बसायची." जावयाने तिच्या हातच्या भाकरीची आठवण काढली. लेक नुसती रडली. शेजारीण आली होती, तिने मोठ्या चटईची गोष्ट सांगितली आणि मान खाली घातली.

मग कारागिराची पाळी आली. चाळीस वर्षांचा संसार झाला होता. तो म्हणाला, "माझ्यापाशी तिची एकच आठवण आहे. ती माझी वाट बघत होती आणि मी लव्हाळे भिजवत होतो."

पुढच्या रविवारी त्याने लव्हाळे भिजत घातले नाहीत. तो देवळात गेला, ती चटई पसरली आणि स्वतः शेजारच्या दगडावर बसला. त्या काळपट जागेवर त्याने हात ठेवला. पाळकबाबा म्हणाले, "अहो, चटईवर बसा की. म्हाताऱ्या हाडांना दगड बाधेल."

"नको बाबा," तो म्हणाला. "ती बसायची तिथेच बसतो."

तो जगला तोवर दर रविवारी तसाच बसत असे. देऊळ भरायचं, गाणी व्हायची, प्रार्थना व्हायची, माणसं घरोघर जायची. त्याच्या शेजारची जागा मात्र कधी भरली नाही. त्याच्या हातात एवढी कला होती, पण गेलेल्या माणसाला शेजारी बसवील अशी चटई त्याला विणता आली नाही.

म्हणून मुलांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा : आपल्यासाठी कुणी जागा राखून बसलं असेल, तर ते माणूस आहे तोवरच तिथे जाऊन बसावं.