खारवाडीची मुकी घंटा

वर बघा, ती घंटा. कुठे तांबूस, कुठे पिवळी, कडेला काळपट. गावाने आपल्या घरातली भांडी देऊन ती ओतून घेतली, असं सांगतात.

चर्च तेव्हा नवं होतं. फादर मनवेल कडक माणूस, स्वतः दिवसातून एकदाच जेवायचे. घंटेसाठी त्यांनी तांबं-पितळ मागितलं. मिठागराच्या मालकाने गाडीभर पितळ पाठवलं आणि घंटेवर आपलं नाव कोरायला सांगितलं. फादर भडकले. "दिलंय ते देवाला. माणसाने आभार कसले मानायचे?" पितळ ठेवून घेतलं, नाव काही कोरलं नाही. पण त्या दिवसापासून कोणी काही आणलं, की मान वर न करता "तिथे ठेवा" एवढंच म्हणायचे.

घंटा चढली. सणाच्या सकाळी दोर ओढला, तर आवाजच नाही! आतला लोळा आपटताना दिसत होता, पण नाद उमटेना. सगळं गाव अंगणात वर बघत उभं.

तेव्हा फिलूबाय पुढे झाली. विधवा बाई. लग्नात आईने दिलेला तांब्याचा हंडा तिने घंटेसाठी दिला होता आणि स्वतः मडक्याने पाणी भरत होती.

"फादर, देवाने घेतलं, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण घेतलं तुमच्या हातांनी. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

फादर तिच्यासमोर आले म्हणे. त्यांनी वहाणा काढल्या, हात जोडले. "फिलूबाय, तुमचं पोचलं. फार उपकार झाले."

तसेच अनवाणी ते घरोघर गेले. ज्याने एक पळी दिली, त्यालाही तेच शब्द. शेवटी मिठागरवाल्याचं दार आलं. तिथे त्यांचा पाय उचलेना. मग उंबरा ओलांडून त्यालाही तसेच हात जोडले. मालकाने मान खाली घातली. नावाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आणि घंटा वाजली. दोराशी कोणी नव्हतं, वारा पडलेला. खाडीतल्या होड्यांची वल्ही थांबली, मिठागरातली माणसं जागीच गुडघ्यांवर आली. फिलूबाय मात्र हसत होती. "माझा हंडा बोलतोय," म्हणत होती.

आजही सणाच्या आदल्या दिवशी इथले फादर अनवाणी निघतात. कोणी किती दिलं हे विचारत नाहीत. नाव घेऊन "तुमचं पोचलं" एवढंच सांगतात. आणि घरातली बाई पदर सावरून पुढे येते, त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांवर तांब्याभर पाणी ओतते.