पाठीतला गळ

खाडीत यंत्राच्या होड्या शिरल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. माघातल्या गारठ्यात एक म्हातारा जिताडा मासा डोहाच्या तळाशी उपाशी पडून होता. वरून एक जिवंत कोळंबी हळूहळू खाली आली.

"आजोबा, मला खाऊ नका," ती कळवळून म्हणाली. "माझ्या पाठीत गळ रुतलाय. मी जातेच आहे, तुम्ही तरी वाचा."

"जिला जिला खायला गेलो, तिनं असंच काहीतरी सांगितलं," जिताडा म्हणाला आणि त्यानं तिला गिळलं.

दोरी ताणली. वर ओढला जाताना तो डोहातल्या आपल्या पोरांना ओरडला, "कोळंबीला शिवू नका, आत गळ आहे."

गढूळ पाण्यात पोरांना दोरी दिसली नाही, नुसते त्याचे शब्द ऐकू आले. "म्हाताऱ्याला सगळं एकट्यालाच हवं," थोरला म्हणाला.

तेवढ्यात दुसरी कोळंबी खाली उतरली. तीही कळवळून काहीतरी सांगत होती.