फीत आणि धग

एका डोंगरावर एक वेधशाळा होती. तिथे नवा अवरक्त कॅमेरा आला होता. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तो टिपायचा. कॅमेरा बसवून तयार होता, पण उद्घाटनासाठी मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. म्हणून संचालक गुर्जरांनी त्याला लाल फीत बांधून ठेवली होती.

अखेर तारीख मिळाली, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अंधार पडता पडता उपग्रहाचा संदेश आला. अतिदूरच्या दीर्घिकेत एक तारा कोसळून गॅमा किरणांचा स्फोट झाला होता. मागे उरलेली धग काही तासांतच विझणार होती, आणि तीही धुळीआड. साध्या कॅमेऱ्याला ती दिसलीच नसती. पृथ्वी जन्मण्याआधी निघालेला प्रकाश दारात येऊन उभा होता. वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञ सुलभा येवलेकरने अशा एका स्फोटाची वाट पाहण्यात उमेदीची वर्षे घालवली होती. ती कॅमेऱ्यापाशी धावली.

"फीत सोडू?" दुर्बीण चालवणाऱ्या दगडूने विचारले.

"सरांना विचारते."

"विचारू नका मॅडम. चाचणी म्हणा. चाचणीला फीत लागत नाही."

सुलभाने तरीही फोन लावला. संचालक खाली मांडवात खुर्च्यांच्या रांगा ठरवत होते.

"उद्या साहेब येताहेत आणि तुम्ही आज उष्टा कॅमेरा त्यांच्यापुढे ठेवणार? तुमचा तारा उद्या दाखवा."

"उद्या तो नसेल, सर."

"मग दुसरा बघा. आकाशात काय ताऱ्यांचा दुष्काळ आहे?"

सुलभाने फोन ठेवला. फीत तिच्या हाताशी होती. हुकूम मोडावा असे तिला फार वाटले, पण ती खुर्चीत बसून राहिली.

"तिकडे तारा मेला," दगडू म्हणाला, "आणि इकडे फितीचे लाड चाललेत."

दुसऱ्या दिवशी फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. कॅमेरा स्फोटाच्या जागेकडे वळवला. पडदा काळा होता. मंत्री म्हणाले, "छान आहे."

पुढे दिल्लीहून विचारणा झाली: त्या वेळी धग टिपू शकेल असा कॅमेरा फक्त तुमच्याकडे होता, मग वेध का घेतला नाही? संचालकांनी उत्तर पाठवले: येवलेकर मॅडमनी पुरेसा आग्रह धरला नाही.

सुलभाने ते वाचले. खोडून काढावे असे त्यात एकही अक्षर तिला सापडले नाही.

तात्पर्य: मूर्ख हुकूम देणारा दोषी असतोच, पण तो मूर्ख आहे हे कळूनही निमूट पाळणाऱ्याच्या माथ्यावर तो दोष सहज टाकता येतो, आणि तो तिथे शोभतोही.