उंडवेळचा झोपाळा

चपला फाटकाशी काढा आणि आधी त्या झोपाळ्यावर बसा. पोरं नंतर, मोठे आधी. आमच्या उंडवेळच्या खेळवाडीचा हा नियम आहे. तालुक्याच्या गावात मोठी बाग आहे, तिच्या फाटकावर 'मोठ्यांनी झोपाळ्यावर बसू नये' अशी पाटी आहे आणि शिट्टी घेतलेला माणूसही आहे. आमच्या पाटीवर लिहिलंय, 'मोठ्यांनी खेळल्याशिवाय आत येऊ नये.' शिट्टीवाला ठेवायची वेळ अजून आली नाही. एकदा एक मोठे साहेब आले होते, म्हणाले मी फक्त पाहणी करणार. दीड तास फाटकाबाहेर उभे राहिले. मग बसले. तासाभराने त्यांना उतरवायला चार माणसं लागली.

असं का, ते सांगतो. मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नका, पण या गोष्टीला पाच साक्षीदार आहेत. ती पाच उंडीची झाडं. त्यांनी आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही.

समोर पाण्यात दोन काळे खडक दिसतात, त्यांना आम्ही जावा म्हणतो. दोघी दिवसभर एकमेकींवर गुरगुरतात. होडीला गावात यायचं तर त्या दोघींच्या मधूनच यावं लागतं. जराशी इकडे-तिकडे झाली, तर फळी हाती लागत नाही.

त्या काळी गावचा तांडेल होता जोमा. गावच्या सातही होड्या त्याच्या शब्दावर चालायच्या. हा जोमा सांगायचा म्हणे, की मी जावांमधून डोळे मिटून होडी आणतो, मला वाटेचा वास येतो. त्याचं नाक होतंही तसंच. असं सांगतात, की तो दारात शिंकला तर कोंबड्या परसातून उडून कौलांवर बसायच्या.

ही वाळू तेव्हाही पोरांचीच होती. गावातली झाडून सगळी पोरं सकाळपासून इथे पडलेली असायची. जोमाच्या मनात एकदा आलं, एवढी सपाट, उन्हाची जागा, इथे बोंबील वाळत घालावेत. मासळीही सुकेल आणि बोंबलाचा वास थेट समुद्रात येईल, म्हणजे वाट आणखी सोपी. त्याने बोंबील टांगायला बांबूच्या वलांडी उभ्या केल्या, भोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि पोरांना डोंगरामागच्या माळावर हाकललं.

त्याची आई नागूबाय तेव्हा सत्तरीची होती. तिचा एक गुडघा वाकायचा नाही आणि मान तर कुणासमोरच नाही.

"जोम्या, पोरांची वाळू घेऊ नको," ती म्हणाली.

"आये, पोरांना माळ दिलाय की. वाळूनं पोरांची पोटं भरतात काय?"

"आणि तुझ्या नाकानं भरतात?"

जोमा हसला आणि दर्यावर गेला. सातही होड्या गेल्या, त्यांत चाळीस माणसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी होड्या परतत होत्या आणि धुकं उतरलं. साधं नाही. बायकांना आपल्या डोक्यावरची पाटी दिसेना म्हणे. एकीने धुक्यावरच लुगडं वाळत घातलं आणि दुपारी ते तिला जमिनीवर सापडलं. वारा मुळीच नव्हता. शिडं लोंबत होती, माणसं वल्ह्यांवर होती. आणि भरती उतरायला लागली होती. ओहोटीचं पाणी त्या जावांच्या मधे असं ओढतं, की उशीर केलेली होडी खडकावरच जाते. नांगर टाकावा तर तळाला नुसता कातळ, धरतच नाही.

जोमाने नाक वर केलं. बोंबलाचा वास आला. पुढून आला, मागून आला, दोन्ही बाजूंनी आला. वाऱ्याशिवाय वास धुक्यात मुरतो आणि जागचा हलत नाही. मागच्या होडीवरून हाक आली, "तांडेल, कुठं वळायचं?" जोमाने नाक खाली केलं. त्याच्या आयुष्यातली ही पहिली वेळ.

किनाऱ्यावर बायका हाका मारत धावत होत्या. कुणी नवऱ्याला, कुणी भावाला. कुणी या टोकाला, कुणी त्या टोकाला. पाण्यातल्या माणसांना सगळा किनारा एकदम हाक मारतोय असं वाटत होतं. कुठे वळणार?

नागूबाय काठी आपटत म्हणाली, "हाका थांबवा गो. हाक माणसामागं धावते. खेळ एका जागी राहतो. पोरांना आणा."

बायकांनी काट्यांचं कुंपण हातांनी उपसलं. वलांडी आडव्या केल्या, बोंबील वाळूत पडले ते पडले. माळावरून पोरं आली. आया रडत म्हणाल्या, "खेळा रे, ओरडा." एकही पोर हललं नाही. रडणाऱ्या आईसमोर कोण खेळेल?

तेव्हा नागूबायने होडीचा एक दोर मागवला, या मधल्या उंडीच्या फांदीला बांधायला लावला आणि त्यावर फळी टाकून स्वतः बसली. तिचा मुलगाही त्या धुक्यात होता, हे ध्यानात ठेवा.

"झोका द्या," ती म्हणाली.

"आजी, गुडघा..."

"गुडघ्याला नाय, मला द्या."

पहिला झोका फांदीपर्यंत गेला. दुसऱ्याला तिची पानाची चंची उडाली आणि रडणाऱ्या सुनेच्या डोक्यावर बसली. तिसऱ्याला म्हातारी स्वतःच अशी खदखदून हसली, की पहिलं पोर हसलं. मग दुसरं. मग आयांनी डोळे पुसले, काष्टे खोचले आणि त्या आट्यापाट्या खेळायला उतरल्या. त्यानंतर जो कल्ला झाला, त्याने खेकडे बिळं सोडून शेजारच्या गावात राहायला गेले म्हणतात. तिथे अजून त्यांना 'उंडवेळकर' म्हणतात.

पाण्यात जोमाच्या कानावर तो आवाज आला. आधी तो चिडला, "वाळूत पोरं सोडली कुणी?" मग त्याने कान टवकारले. "आणि माझी आय हसते? ती तर माझ्या लग्नातबी हसली नव्हती."

मग त्याला कळलं. तीस वर्षं त्याची होडी घरी आणत होता तो पोरांचा हाच आवाज. नाकाचं नुसतं नाव झालं होतं.

"कल्ल्यावर होडी धरा," तो म्हणाला. "नाकाची गोष्ट आता कुणी काढायची नाय."

स्वतःची होडी त्याने जावांच्या तोंडाशी बाजूला धरून ठेवली आणि एकेकीला पुढे सोडलं. सहा होड्या वाळूला लागल्या, तेव्हा तो शेवटी आला. चिंब भिजलेला, थेट आईपाशी गेला. नागूबाय झोक्यावरून उतरली नाही. म्हणाली, "थांब जरा. माझी पाळी संपली नाय."

तांडेल कधी स्वतःची होडी उपडी करत नाही, अपशकुन मानतात. जोमाने त्याच दिवशी आपली होडी याच वाळूत उपडी केली, पोरांना घसरायला. आणि शब्द दिला, की इथे बोंबील वाळणार नाही, होडी ओढली जाणार नाही. जो मोठा इथे येईल त्याने आधी खेळायचं. आपण घाबरलेलो नाही, हे पोरांना दिसलं पाहिजे.

आजही आमची घसरगुंडी उपड्या होडीची आहे. लाकूड कुजलं की गाव नवी होडी देतो, आणि चांगली देतो. आजही धुकं पडलं की शाळा इथे भरते, आणि पहिला झोका हेडमास्तरांचा असतो. होड्यांवर आता वाट दाखवायची यंत्रं आहेत. तरी जावांपाशी आले की आमचे तांडेल इंजिन बंद करतात आणि कान देतात. आवाज आला, की मगच आत.

समोर बघा, जरा धुरकट झालंय. तीन होड्या अजून यायच्या आहेत. आणि तुम्ही अजून उभेच.