न्यायला येणारं माणूस

खासनीस साहेब सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि इमारतीत खोकायचीही चोरी झाली. तळमजल्यावरच्या इंदूताईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर चालायचं ते पाळणाघरावर. साहेब भर सभेत म्हणाले, "लोकांना स्वतःच्या घरची माणसं सांभाळता येत नाहीत आणि त्यांची रडारड आम्ही ऐकायची? उद्यापासून पाळणाघर बंद."



इंदूताई उठल्या. "बंद करते. पण घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय आम्ही कुणाला सोडत नाही. पोरांचे आईबाप येतील. एका जणीला मात्र रोज मीच वर पोचवते. उद्या तिला न्यायला तुम्ही या."

"मी कशाला?"

"तुम्ही कामावर गेलात की तुमच्या आई खाली येतात. पोरांबरोबर मऊ भात खातात, सतरंजीवर झोपतात. संध्याकाळी एकेक पोर जातं, तशा विचारतात, 'मला कोण येणार न्यायला?'"

साहेबांनी सभा तिथेच संपवली. पाळणाघराचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचं पोर गेलं. आजी पदर सावरून दाराकडे तोंड करून बसल्या. दिवेलागण झाली. मग इंदूताईंनीच त्यांचा हात धरला आणि जिना चढायला सुरुवात केली.